बाटली द्या, कोड घ्या!

२०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख भरली होती. अख्खा फिनलंड त्याहून बराच लहान, साधारण ५६ लाखांचा. तरीही तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन, पुण्यात मॉन्सूनचा अंदाज बांधणारा महासंगणक आणि मराठी विकिपीडियाचं पान या तिन्हींच्या पोटात फिनलंडच्या कुणीतरी सुरू केलेलं आणि सगळ्यांना खुलं करून दिलेलं काम आहे. हाच देश रिकाम्या डब्यांची पिशवी भरून दुकानात नेतो आणि डब्यामागे पंधरा सेंट न चुकता वसूल करतो. या दोन सवयी एकाच मुशीतल्या आहेत, असं मला मनापासून वाटतं. त्या नीट कळाव्यात म्हणून आधी बाजारात शिरू.

भिंतीतलं गोल भोक

किराणा दुकानाच्या दाराजवळच भिंतीत एक गोल भोक दिसतं. रिकामी बाटली त्यात आडवी सरकवायची. ती आत जागच्या जागी फिरते, मशीन तिचा बारकोड वाचतं, पट्टा तिला आत ओढून नेतो आणि पडद्यावरचा आकडा वाढतो. पेयाचा डबा १५ सेंट. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली २० सेंट. लिटरपेक्षा मोठी ४०, काचेची १०. डबा चेपल्यामुळे बारकोड वाचता आला नाही, तर मशीन तो परत बाहेर ढकलतं. पिशवी रिकामी झाली की बटण दाबायचं, पावती घ्यायची आणि गल्ल्यावर द्यायची. रक्कम बिलातून वजा होते, नाहीतर रोख हातात पडते.

हे पैसे कुणी बक्षीस म्हणून देत नाही. पेय घेताना अनामत म्हणून ते आपणच भरलेले असतात. त्यामुळे बाटली रस्त्यात टाकणारा स्वतःचेच पैसे टाकतो, आणि ती उचलणाऱ्याला ते मिळतात. तिथे दहापैकी नऊहून जास्त डबे-बाटल्या परत येतात. गोवा सरकारनेही २०२४मध्ये अनामत परत देण्याची योजना अधिसूचित केली आहे. ती नेटाने राबवली गेली, तर किनाऱ्यांवरच्या बाटल्यांना पाय फुटायला वेळ लागणार नाही.

गल्ल्यावरच्या आणखी काही गोष्टी

युरो आला २००२मध्ये. एक आणि दोन सेंटची नाणी नकोतच, असं फिनलंडने तेव्हापासूनच ठरवून टाकलं. रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटवर आणतात. कधी तुमचे दोन सेंट जातात, कधी दुकानाचे. तिथे पाडलेली ती चिमुकली नाणी मुख्यतः नाणेसंग्राहकांच्या पेटीत गेली.

औषधाच्या दुकानात गेलात, तर आधी यंत्रातून नंबराची चिठ्ठी फाडायची. नंबर येईपर्यंत कुठेही बसा, तुमच्या पुढे कुणी घुसत नाही. अनेक दुकानांत फळं-भाजीचं वजनही गिऱ्हाइकानेच करायचं असतं. खणावरचा क्रमांक लक्षात ठेवून काट्यावर दाबला, की किमतीचा कागद बाहेर येतो आणि तो आपणच पिशवीला चिकटवतो. सफरचंद ठेवून बटाट्याचा क्रमांक दाबला तर? तपासायला कुणीच उभं नसतं.

दारूची कथा वेगळीच. फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ दारूबंदी होती. ती उठल्यावर सरकारी दुकानं उघडली ती ५ एप्रिल १९३२ रोजी सकाळी १० वाजता. ५-४-३-२-१-०! तिथे ही तारीख पाठ करावी लागत नाही. ‘अल्को’ नावाच्या या दुकानांकडे आजही कडक दारूची मक्तेदारी आहे आणि रविवारी ती बंद असतात.

मिठाईच्या खणात सांभाळून हात घाला. ‘साल्मियाक्की’ नावाच्या काळ्या गोळ्यांवर फिनिश माणसांचा फार जीव. पहिला घास खारट, तुरट, नाकात झिणझिण्या आणणारा. त्यातला मुख्य मसाला अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर! आपल्याकडचे कल्हईवाले तापलेल्या पातेल्यात जो टाकतात, तोच. कॉफीही तिथे जगात सर्वाधिक पिणाऱ्यांत मोडेल इतकी पितात, वर्षाला माणशी १० किलोच्या आसपास.

जुनं ते बाजारात

मला सगळ्यात आवडलेली चाल म्हणजे ‘किरप्पुतोरी’, जुन्या वस्तूंचं दुकान. इथे दुकानदार स्वतः माल विकत नाही, जागा भाड्याने देतो. तुम्ही आठवड्यासाठी एक टेबल किंवा फळी घ्यायची. पोराला लहान झालेले स्वेटर, वाचून झालेली पुस्तकं, लग्नात आलेला तिसरा डिनर सेट नीट मांडायचा. प्रत्येक वस्तूवर किंमत आणि टेबलाचा नंबर चिकटवायचा आणि घरी निघून जायचं. गिऱ्हाईक वस्तू उचलून गल्ल्यावर पैसे भरतं, आणि आठवडा संपला की तुमच्या नंबरावर जमलेली रक्कम तुम्हाला मिळते. घासाघीस करायला समोर कुणी नसतंच, म्हणून किंमत लावतानाच माणूस वाजवी लावतो. नाही लावली, तर आठवड्याने तोच डिनर सेट परत घरी न्यायचा.

२०१२पासून वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, ‘स्वच्छता दिवस’ असतो. त्या दिवशी कुणीही अंगणात, पदपथावर, बागेत चादर पसरून घरातलं जुनं विकू शकतं. शहरभर बाजार भरतो.

काही खरेदी तर पैशांशिवाय होते. देशाची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाने व्यापलेली आहे आणि जंगल कुणाच्याही मालकीचं असो, रानबेरी आणि अळंबी वेचायला मालकाची परवानगी लागत नाही. घराचं आवार आणि पिकाचं शेत तेवढं सोडायचं. स्वतः वेचलेल्या बेरी विकल्या, तर त्या कमाईवर आयकरही नाही.

उणे एक्कावन्न

फिनलंडमधलं नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान उणे ५१.५ अंश सेल्सिअस. तारीख २८ जानेवारी १९९९, गाव किट्टिला भागातलं पोक्का. सर्वांत जास्त ३७.२, जुलै २०१०मध्ये, पूर्वेकडच्या लिपेरीत. एका देशात जवळपास ८९ अंशांचा फरक! राजधानी हेलसिंकीत डिसेंबरातला लहानात लहान दिवस सहा तासांचाही नसतो. अगदी उत्तरेच्या उत्सयोकीत हिवाळ्यात सुमारे ५० दिवस सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात ७० दिवसांहून जास्त मावळत नाही.

अशा हवेत खरेदीची यादीच बदलते. अंधारात चालताना अंगावर रिफ्लेक्टर लावावा, असा पादचाऱ्यांसाठी कायदाच आहे. कोटाला लटकणारा हा छोटा चकाकता तुकडा १९५०च्या दशकात तिथेच जन्मला, आणि तोही आधी घोडागाड्यांसाठी. बर्फावरच्या टायरची गोष्टही तिथलीच: १९३४मध्ये जगातलं पहिलं हिवाळी टायर नोकिया गावच्या रबर कारखान्यात ट्रकसाठी तयार झालं. हो, नोकिया कंपनीचं नाव याच गावाचं. कागदगिरणी, रबरी बूट, केबल असा प्रवास करत ती शेवटी मोबाइलवर पोचली. आणि गाड्यांच्या तळावर जागोजाग विजेचे खांब दिसले, म्हणजे सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत असं समजू नका. पेट्रोल-डिझेलच्या गाडीचं इंजिन सकाळी निघण्याआधी गरम करायला ते खांब कित्येक वर्षांपासून उभे आहेत.

बाळाची पहिली खरेदी तर सरकारच करतं. १९३८पासून गरजू आणि १९४९पासून सगळ्याच गरोदर बायकांना कपड्यांनी भरलेलं खोकं मिळतं. त्यात झबली-टोपडी असतात, बर्फातला जाड सूटही असतो, आणि रिकामं खोकं गादी घालून बाळाचा पहिला पलंग होतो. खोकं नको असेल, तर रोख रक्कम घेता येते. बहुतेक पहिलटकरणी खोकंच घेतात.

उलूजवळच्या हाइलुओतो बेटावर जायला हिवाळ्यात समुद्राच्या गोठलेल्या पाण्यावरून रस्ता काढत. बर्फाची जाडी पुरेशी झाली की सरकारी खातं तो उघडायचं आणि गाड्या थेट समुद्रावरून धावू लागायच्या. अलीकडे काही हिवाळ्यांत बर्फच धरला नाही आणि रस्ता उघडलाच नाही. हवामानबदल तिथे लोकांना असा थेट रहदारीत दिसला.

एक सुखद गोष्टही आहे. फिनलंड दरवर्षी सुमारे ७ चौरस किलोमीटरने वाढतो. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन अजूनही समुद्रातून वर येते आहे.

विजेचा भाजीबाजार

बाजार, हवा आणि संगणक तिघं एकत्र भेटतात ते विजेच्या मीटरवर. लाखो फिनिश घरांनी बाजारभावाने वीज घ्यायचा करार केला आहे. उद्याचे भाव आज दुपारी दोनच्या सुमारास जाहीर होतात. आधी ते तासातासाचे असत, २०२५पासून पाव तासाचे झाले. वारा सुटला की पवनचक्क्या फिरतात आणि भाव कोसळतो. वारा पडला आणि पारा उतरला की भाव चढतो. मग लोक काय करतात? कपडे धुणं, भांडी धुणं, गाडी चार्ज करणं आणि मुख्य म्हणजे सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवणं, सगळं स्वस्त वेळेला ढकलतात. ५६ लाखांच्या देशात सुमारे ३० लाख सौना आहेत, तेव्हा ‘आज सौना किती वाजता?’ हा किरकोळ प्रश्न नाही.

ही कसरत रोज हाताने कोण करणार? हौशी मंडळींनी ‘होम असिस्टंट’ नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीला भाव वाचायला शिकवलं आहे. भाव अमुकच्या खाली गेला की गीझर आपोआप चालू. एकाने लिहिलेली जोडणी हजारो घरांत चालते, आणि चूक दिसली की दुसराच कुणी ती दुरुस्त करून देतो.

२४ नोव्हेंबर २०२३ रोजी मात्र अजब घडलं. वीजबाजारात एका कंपनीने चुकीने, अस्तित्वातच नसलेली हजारो मेगावॅट वीज विकायला काढली. त्या दिवशी दुपारनंतर कित्येक तास युनिटचा भाव उणे ५० सेंट होता. वीज वापरा आणि वर पैसे घ्या! भावावर डोळा ठेवून वापर वाढवू नका, अशी विनंती ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेला लोकांना करावी लागली.

आजोबांची टोपली, नातवाचा कोड

हेलसिंकी विद्यापीठात लिओ टोर्नक्विस्ट नावाचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. बाजारातल्या टोपलीची किंमत काळाबरोबर किती वाढली, हे मोजायचं एक सूत्र त्यांनी १९३६मध्ये मांडलं. जगभरचे अर्थतज्ज्ञ ते ‘टोर्नक्विस्ट निर्देशांक’ म्हणून आजही वापरतात. १९८१च्या सुमारास या आजोबांनी एक कमोडोर व्हिक-२० संगणक घेतला आणि अकरा वर्षांच्या नातवाला कळफलकासमोर बसवलं. नातवाचं नाव लिनस टॉरवाल्ड्स.

१९९१च्या जानेवारीत लिनसने हप्त्यांवर स्वतःचा पीसी घेतला. २५ ऑगस्टला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने इंटरनेटवर कळवलं की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. सप्टेंबरात पहिली आवृत्ती सर्व्हरवर चढली. लिनसच्या मनात नाव होतं ‘फ्रीक्स’. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्केला ते पसंत पडलं नाही आणि त्याने फोल्डरला ‘लिनक्स’ असं नाव देऊन टाकलं. बारसं दुसऱ्यानेच केलं!

पैसे पाठवू का, असं लोक विचारू लागले. लिनस म्हणाला, पैसे नकोत, पोस्टकार्ड पाठवा. जपानपासून अमेरिकेपर्यंतची कार्डं घरी येऊन पडू लागली, तेव्हा कुठे हा दिवसभर खोलीत काय करतो ते घरच्यांना उमगलं. पुढे नेटवरच्या लोकांनी वर्गणी काढून त्याच्या पीसीचे उरलेले हप्ते फेडले.

खरा निर्णय झाला १९९२मध्ये. सुरुवातीच्या परवान्यात लिनक्सवर पैसे कमवायला मनाई होती. लिनसने ती काढली आणि जीपीएल हा परवाना घेतला. त्याचं म्हणणं सोपं आहे: कोड घ्या, वाचा, बदला, हवं तर विकासुद्धा. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिलात, तर बदललेला कोडही याच अटीवर त्याला द्या. घेतलंय ते परत फिरवा. लिनक्स टिकलं आणि वाढलं ते या अटीमुळे, असं माझं मत आहे. हुशार पोरं सगळ्याच देशांत असतात.

चिन्ह म्हणून पेंग्विन का? ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एक छोटा पेंग्विन लिनसला चावला होता. १९९६मध्ये लॅरी एविंगने ‘टक्स’चं चित्र काढलं, तेही ‘गिंप’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्येच. आणि लग्न? लिनस विद्यापीठात शिकवताना विद्यार्थ्यांना गृहपाठ म्हणून आपल्याला ईमेल पाठवायला सांगायचा. तोवे नावाच्या मुलीने ईमेलमधून थेट भेटायलाच बोलावलं. तीच पुढे त्याची बायको झाली. फिनलंडची सहा वेळची कराटे विजेती!

मुलींची नावं, गिरण्यांची धग

मोंटी विडेनियस हाही हेलसिंकीचाच. त्याने डेटाबेस लिहिला आणि मोठ्या मुलीच्या ‘मी’ (My) या नावावरून त्याला मायएसक्यूएल म्हटलं. त्याची कंपनी २००८मध्ये १ अब्ज डॉलरला विकली गेली. पुढे ती आणखी मोठ्या कंपनीच्या हाती जाणार असं दिसल्यावर त्याने खुल्या कोडवरूनच नवा फाटा काढला आणि धाकट्या मुलीच्या नावाने मारियाडीबी सुरू केला. कंपनी विकता येते, खुला केलेला कोड परत कुलुपात घालता येत नाही. मराठीसकट सगळे विकिपीडिया आज मारियाडीबीवरच चालतात.

इंटरनेटवरच्या गप्पांचं आयआरसी १९८८मध्ये उलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने लिहिलं. १९९१मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हाच्या ताज्या बातम्या त्यावरूनच बाहेर पडत होत्या. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तिथल्या तातू युलोनेनने दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणारं एसएसएच लिहिलं. आज जगभरचे सर्व्हर सांभाळणारी मंडळी दिवसातून कितीतरी वेळा तेच वापरतात.

थंडीमुळे पोरं घरात बसतात आणि कोड लिहितात, हे स्पष्टीकरण लोकांना फार आवडतं. मला ते पटत नाही. थंडी सायबेरियातही आहे. फिनलंडात विद्यापीठ फुकट होतं, विद्यापीठांना जोडणारं ‘फुनेट’ जाळं १९८०च्या दशकातच उभं होतं, आणि ‘ताल्कोत’ची सवय जुनी होती. ताल्कोत म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच: शेजारीपाजारी जमून एकाचं काम उरकून टाकतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. आज इमारतींच्या सोसायट्या वसंतात आणि शरदात अंगणातली पानं गोळा करायला ताल्कोत भरवतात, नंतर कॉफी आणि भाजलेले सॉसेज असतात.

थंडीचा खरा उपयोग संगणकांना झाला आहे. हामिना गावात एका जुन्या कागदगिरणीत गूगलचं डेटा सेंटर आहे. गिरणीच्या जुन्या बोगद्यातून समुद्राचं गार पाणी आणून ते थंड ठेवतात. कायानीतल्या अशाच बंद पडलेल्या गिरणीत २०२२पासून ‘लुमी’ हा महासंगणक चालतो. तो जलविद्युतवर चालतो, आणि त्याची धग पाइपांतून गावातल्या घरांकडे वळवलेली आहे, गावाच्या उष्णतेच्या गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा भागेल इतकी.

लुमी लिनक्सवर चालतो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे, हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरं काहीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले ‘प्रत्यूष’ आणि ‘अर्क’ याच बिरादरीतले. कोकणात पाऊस कधी उतरेल, मराठवाड्यात खंड किती पडेल, ही गणितं त्यांच्यावर सुटतात.

नकाशाही खुला

मे २०१२मध्ये फिनलंडच्या भूमापन खात्याने आपले नकाशे फुकट खुले केले. २०१३मध्ये हवामान संस्थेने निरीक्षणं, रडारची चित्रं आणि अंदाज खुले केले. जनतेच्या पैशातून गोळा केलेली माहिती जनतेलाच पुन्हा विकायची नाही, हे धोरण मला फार मोलाचं वाटतं. हेलसिंकीचा बस-ट्राम शोधक तर मुक्तस्रोतच आहे, आणि त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरला जातो. कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा, असा हा नकाशा.

त्यात महाराष्ट्रही आहे, पण आपली कित्येक गावं अजून जेमतेम एका ठिपक्यापुरती. आपल्या गावचा आठवडी बाजार कुठल्या मैदानात भरतो आणि कुठल्या वारी, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खातं उघडा, आपलं गाव शोधा, बाजाराची जागा टाका, वार आणि वेळ भरा, नाव देवनागरीत लिहा. फोनवरही हे होतं आणि दमडीही लागत नाही.